मगनवाडीचा हिशेबनीस

देशातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक कोण, असे कुणी विचारले तर बहुतेकांच्या तोंडी एखाद्या बड्या उद्योगपतीचे नाव येईल. खरे उत्तर आहे, सरकार. कचेऱ्यांतल्या टेबल-खुर्च्या, दवाखान्यांतल्या चादरी, पोलिसांचे गणवेश, वसतिगृहांतला तांदूळ, शाळांतला खडू. देशभर रोज कुठे ना कुठे सरकार काहीतरी विकत घेतच असते. आणि पैसा तुमचा-आमचा. खेड्यातल्या मजुराने काडेपेटी घेतली तरी तिच्या किमतीत कराचे चार पैसे असतात. मग हे गिऱ्हाईक आपली पिशवी घेऊन कुणाच्या दुकानात जाते, हा प्रश्न घराघरात निघायला हवा. तो निघत नाही, कारण निविदा, दरपत्रक, अनामत रक्कम असले शब्द दिसले की आपण पान उलटतो.

हा रूक्ष वाटणारा प्रश्न जन्मभर उराशी बाळगून बसलेला एक माणूस आमच्या वर्ध्यात होऊन गेला. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा त्याचे नाव. वर्धा म्हटले की गांधीजी, विनोबा, जमनालालजी ही नावे चटकन ओठांवर येतात. कुमारप्पांचे नाव त्यामागून येते, आणि आले तरी ग्रामोद्योगवाले एवढ्याच ओळखीवर थांबते. खरे तर हा माणूस पेशाने हिशेबतपासनीस. तोही लंडनमध्ये शिकलेला. मी स्वतः नोकरीची बरीच वर्षे एका सरकारी कार्यालयाच्या भांडार शाखेत काढली. खरेदीच्या फायली, तुलनात्मक तक्ते आणि बिलांची भेंडोळी यांतच माझे दिवस गेले. त्यामुळे कुमारप्पांकडे मी संत म्हणून कधी पाहिले नाही. माझ्या लेखी ते आमच्याच धंद्यातले, पण आमच्यापेक्षा फार लांबचे पाहणारे माणूस आहेत.

त्यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला झाला. घराणे तमिळ ख्रिस्ती, सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी. वडील सरकारी बांधकाम खात्यात होते. मुलाने लंडनला जाऊन हिशेबनिशीचे शिक्षण घेतले आणि मुंबईला परतून स्वतःची पेढी थाटली. सूट-बूट, इंग्रजी राहणी, बड्या मंडळींत ऊठबस असे सगळे छान चालले होते. पुढे ते अमेरिकेला गेले. १९२८ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठाची पदवी घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तिथे त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. हिंदुस्थान गरीब का, या विषयावर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये एक भाषण केले. त्याचा वृत्तांत वर्तमानपत्रात आला आणि तो त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांच्या नजरेस पडला. सार्वजनिक वित्तव्यवहाराचे ते जगन्मान्य पंडित. विद्यार्थ्याने याच प्रश्नावर प्रबंध लिहावा, असे त्यांनी सुचवले. कुमारप्पा सरकारी जमाखर्च घेऊन बसले. कर कुणाकडून येतो आणि खर्च कुणावर होतो, हे त्यांनी रकान्यांत मांडले. हिशेब मांडता मांडता हा साहेबी थाटाचा तरुण हादरला. खेड्यातून गोळा झालेला पैसा लष्कर, कर्जाचे व्याज आणि बड्या पगारांच्या वाटेने निघून जात होता. ज्याच्या खिशातून तो निघाला त्याच्याकडे त्यातले फारच थोडे परत येत होते. दारिद्र्याचे एक मोठे कारण त्यांना सरकारी खर्चाच्या रकान्यात सापडले.

१९२९ मध्ये ते मायदेशी परतले. कॉर्नेलियस हे आडनाव सोडून त्यांनी घराण्यातले कुमारप्पा हे जुने नाव धारण केले. प्रबंध छापायचा होता, म्हणून कुणीतरी गांधीजींची गाठ घ्यायला सांगितले. ९ मे १९२९ रोजी ते साबरमतीला गेले. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर एक वृद्ध गृहस्थ सूत कातत बसले होते. कुमारप्पा जरा वेळ पाहत उभे राहिले. तेच गांधीजी आहेत हे कळल्यावर रेशमी सुटासह त्यांनी तिथेच जमिनीवर बैठक मारली. गांधीजींनी तो प्रबंध ‘यंग इंडिया’त लेखमालेच्या रूपाने छापला आणि या हिशेबनिसाला गुजरातच्या खेड्यांत धाडले. खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्यातल्या पन्नासहून अधिक गावांची घरोघर पाहणी कुमारप्पांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून केली. कोलंबियात कागदावर दिसलेले दारिद्र्य आता त्यांनी चुलीपाशी बसून मोजले.

त्यांचा काटेकोरपणा कसा होता, याची एक गोष्ट वर्ध्यात अजून सांगितली जाते. जानेवारी १९३४ मध्ये बिहारला भूकंप झाला. मदतनिधीचे हिशेब राजेंद्रबाबूंनी कुमारप्पांच्या हाती दिले. प्रत्येक कार्यकर्त्याच्या जेवणाला अमुक आणेच, असा नियम त्यांनी घातला. पुढे गांधीजी आपल्या परिवारासह पाटण्याला आले. त्यांच्या मंडळींचा खाण्यापिण्याचा आणि मोटारीच्या पेट्रोलचा खर्च या निधीतून देता येणार नाही, असे कुमारप्पांनी महादेवभाईंना सरळ सांगून टाकले. गांधीजींनी ते निमूट मान्य केले. लोकांचा पैसा कुणासाठी आला आहे हे ज्याला स्वच्छ कळते, त्याला समोर कोण उभे आहे याची भीती वाटत नाही.

त्याच वर्षी, १४ डिसेंबर १९३४ रोजी, वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू त्याचे अध्यक्ष आणि कुमारप्पा संघटक-चिटणीस. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि घर संघाला दिले. गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला जाण्यापूर्वी गांधीजी स्वतः १९३५-३६ मध्ये इथेच राहत होते. घाणी, जाती, मधमाशा, ताडगूळ, हातकागद, वनस्पती तेलावर जळणारा दिवा अशा नाना वस्तूंची इथे अक्षरशः प्रयोगशाळा उभी राहिली. झवेरभाई पटेलांनी सुधारलेली तेलघाणी पुढे वर्धा घाणी म्हणूनच ओळखली गेली. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. वर्ध्याला येणारे पाहुणे सेवाग्रामच्या कुटी पाहून परततात. त्यांनी वाट वाकडी करून हे संग्रहालयही पाहावे, असे मी आवर्जून सांगेन.

या सगळ्या वस्तूंत कागदाची कहाणी मला फार बोलकी वाटते. आपल्या महाराष्ट्रात जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनवणाऱ्या कागद्यांच्या वस्त्या होत्या. जुन्या दप्तरांतले रुमाल सोडले की आजही जो दणकट कागद हाताला लागतो, तो त्यांच्या हातचा. त्यांचे मोठे गिऱ्हाईक कोण होते? सरकारच. पेशव्यांची दप्तरे, मोगल आणि निजामशाही कचेऱ्या यांच्या मागणीवर या वस्त्या जगल्या. इंग्रजी अमलात यंत्राचा कागद आला, ते एक झाले. पण चार्ल्स वुड भारतमंत्री असताना, म्हणजे १८५९ ते १८६६ या काळात, आणखी एक हुकूम निघाला. हिंदुस्थान सरकारला लागणारा कागद ब्रिटनमधूनच विकत घ्यावा, असा तो हुकूम. या एका खरेदीच्या कागदाने कागद बनवणाऱ्यांचे कंबरडे मोडले. तोफ नाही, बंदूक नाही, एक साधा मागणीचा आदेश.

पुढे कित्येक वर्षे सरकारच्या मोठ्या खरेद्या लंडनच्या इंडिया ऑफिसमार्फतच होत. निविदा तिथे, दर पौंडांत, माल आगबोटीने. हिंदुस्थानातच खरेदी करणारे इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट स्थापन व्हायला १९२२ साल उजाडले आणि निविदा इथेच मागवून दाम रुपयांत चुकवण्याचे धोरण यायला १९३१. टेबलाच्या पलीकडे बसलेला कारागीर कितीही कुशल असो, निविदा त्याच्या गावात, त्याच्या भाषेत, त्याला झेपेल एवढ्या आकारात निघाली नाही, तर त्याच्या दृष्टीने ती निघालीच नाही.

१९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि मगनवाडीच्या हिशेबनिसाला पहिल्यांदाच सरकारचे कपाट उघडून पाहायला मिळाले. मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने औद्योगिक पाहणी समिती नेमून तिचे अध्यक्षपद कुमारप्पांना दिले. वर्धा तेव्हा याच प्रांतात. समितीने ६०६ खेडी पालथी घातली. कुठे किती कोष्टी, किती तेली, किती कुंभार, त्यांना कच्चा माल कुठून मिळतो, माल कुठे खपतो याची मोजदाद झाली. १९३९ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. पण त्याच वर्षी महायुद्ध पेटले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि अंमलबजावणीची संधी हुकली. पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय नियोजन समितीवरही कुमारप्पा होते. तिथला सूर मोठ्या यंत्रोद्योगांचा आहे हे दिसताच ते बाहेर पडले.

कुमारप्पांचे म्हणणे थोडक्यात असे. वस्तूला दोन किमती असतात. एक दुकानातल्या चिठ्ठीवरची आणि दुसरी तिच्या मागे दडलेली. चोरीचा माल स्वस्त मिळतो म्हणून शहाणा माणूस तो घेत नाही. मग कुणाची तरी मजुरी बुडवून, कुणाचा तरी धंदा बसवून स्वस्त झालेल्या मालाविषयी आपण डोळे का मिटावेत? विकत घेणारा त्या वस्तूच्या घडणीत भागीदार असतो. ती कुठे झाली, कशी झाली, तिच्यापायी कुणाचे काय झाले, याची जबाबदारी त्याच्याही डोक्यावर असते. ती जाणून घ्यायची तर वस्तू शक्यतो जवळची असावी. सातासमुद्रापलीकडच्या विणकराची चूल पेटली की नाही हे आपल्याला कधीच कळणार नाही, शेजारच्या आळीतल्या विणकराची कळते.

हे झाले तुमच्या-आमच्या खरेदीबद्दल. सरकार तर सर्वांत मोठे गिऱ्हाईक, आणि त्याच्या हातातला पैसा दुसऱ्यांचा. शेतकऱ्याला सारा रोखीने भरावा लागतो म्हणून पीक निघताच पडत्या भावात तो धान्य विकतो, आणि चार महिन्यांनी तेच धान्य चढ्या भावाने घेतो, हे कुमारप्पांनी पुन्हा पुन्हा दाखवून दिले. त्यांनी उपाय सुचवला तो असा. गावोगावी बहुउद्देशीय सहकारी संस्था असाव्यात, त्यांनी सारा धान्यरूपाने घ्यावा आणि सरकारी नोकरांच्या पगाराचा काही भाग त्याच धान्यातून द्यावा. आज हे ऐकून हसू येईल. पण त्यातली मेख लक्षात घ्या. गावातून सरकारकडे जाणारी वाट आणि सरकारकडून गावाकडे येणारी वाट, दोन्ही आखूड कराव्यात, म्हणजे मध्ये गळती कमी.

सरकारी खरेदी तारते तशी ती मारूही शकते, हेही त्यांनी जवळून पाहिले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून धान्य, कापड, तंबू आणि लष्कराला लागणारा इतर माल अफाट प्रमाणावर उचलला. दाम लंडनमध्ये पौंडांच्या नोंदींत जमा होत गेले आणि इथे त्यांच्या भरवशावर नोटा छापल्या गेल्या. युद्ध संपेतो ही येणे रक्कम सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली होती. माल गेला, नोटा राहिल्या, महागाई आकाशाला भिडली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली, त्याच्या कारणांत या महागाईचाही वाटा होता. कुमारप्पांनी चलनवाढीवर लेखणी चालवली. याच काळात त्यांना तुरुंगवास घडला आणि जबलपूरच्या तुरुंगात ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक लिहून झाले. गांधीजींनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि गमतीने ग्रामोद्योगांची आचार्यकीही त्यांना बहाल केली. पुढे १९७३ मध्ये शूमाखर यांचे ‘स्मॉल इज ब्युटिफुल’ जगभर गाजले, त्यात कुमारप्पांचा आधार घेतलेला आहे. वर्ध्याच्या माणसाची ओळख आपल्याकडच्या पुष्कळांना अशी लंडनमार्गे झाली.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या शेतीसुधारणा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि १९४९ मध्ये तिचा अहवालही निघाला. पण दिल्लीचा रस्ता त्यांच्या रस्त्याहून वेगळा झाला होता. मगनवाडी सोडून ते याच जिल्ह्यातल्या, नागपूरच्या वाटेवरच्या सेलडोहला गेले. तिथे पन्नई आश्रम काढून शेतीचे प्रयोग करू लागले. प्रकृती ढासळली तेव्हा मदुराईजवळच्या कल्लुपट्टीला जाऊन राहिले. लग्न केले नव्हते, मालमत्ता जमवली नव्हती. ३० जानेवारी १९६० रोजी मद्रासला त्यांचे निधन झाले. गांधीजींच्या पुण्यतिथीचाच तो दिवस. त्यानंतर तीनच महिन्यांनी महाराष्ट्र राज्य जन्माला आले.

मग त्यांचा प्रश्न संपला का? मजा अशी की तो अमेरिकेहून परत आला. १९५३ मध्ये अमेरिकेने छोट्या उद्योगांसाठी कायदा केला आणि सरकारी कंत्राटांत त्यांना रास्त वाटा मिळावा हे धोरण म्हणून स्वीकारले. तिथे आज हे उद्दिष्ट २३ टक्के आहे. फोर्ड फाउंडेशनचे तज्ज्ञ भारतात येऊन गेले, त्यांच्या शिफारशींवरून १९५५ मध्ये राष्ट्रीय लघुउद्योग निगम स्थापन झाले आणि छोट्या कारखानदारांना सरकारी खरेदीत शिरकाव मिळू लागला. त्याच वर्षी आपल्या प्रा. द. गो. कर्वे यांच्या समितीने ग्रामोद्योग आणि लघुउद्योगांना दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत मानाचे स्थान द्यावे, असे सुचवले. महाराष्ट्रात १९६२ मध्ये लघुउद्योग विकास महामंडळ आले. केंद्राचे २०१२ चे खरेदी धोरण तर आता बंधनकारक आहे. केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीतला ठरावीक हिस्सा सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून घेतलाच पाहिजे. हा हिस्सा आधी २० टक्के होता, २०१८ मध्ये २५ झाला. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. ३५८ वस्तू तर फक्त याच उद्योगांकडून घ्यायच्या. ती यादी मी मुद्दाम वाचून काढली. तिच्यात झाडू आहेत, मध आहे आणि चक्क हातसडीचा तांदूळही आहे. मगनवाडीच्या अंगणातली वस्तू सरकारी राजपत्रात जाऊन बसलेली पाहून मला कुमारप्पांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

पण भांडार शाखेत केस पांढरे केलेला माणूस राजपत्रावर लगेच विश्वास ठेवत नाही. आमच्या टेबलावर तीन वेगवेगळ्या दुकानांची तीन दरपत्रके येत आणि तिन्हींतल्या टंकयंत्राचे ‘क’ हे अक्षर सारखेच मोडलेले असे. नावाला लघुउद्योग, दारावर पाटी, आत कुलूप आणि माल भलत्याच शहरातून आलेला, असेही प्रकार नजरेस पडत. आमच्या कार्यालयाने एका स्थानिक सुताराकडून बाके करून घेतली. काम नमुनेदार. पण बिल या खोलीतून त्या खोलीत आठ महिने फिरत राहिले. शेवटी पैसे मिळाले तेव्हा सावकाराचे व्याज त्याच्या नफ्याहून मोठे झाले होते. पुढच्या वेळी त्याने दरपत्रकच भरले नाही आणि काम परगावच्या पुरवठादाराकडे गेले. स्थानिक माणसाला प्रतिसाद नाही, असा शेरा फाइलवर पडला. २००६ च्या कायद्याने छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत चुकवायचे आहेत. ही एक अट सगळीकडे मनापासून पाळली गेली तर निम्मी आरक्षणे न मागताच फळतील, असे माझे अनुभवाचे मत आहे.

राखीव खरेदीने आळस पोसला जातो, अशीही टीका होते आणि ती अगदीच खोटी नाही. गिऱ्हाईक हक्काचे झाले की मालावरचा हात सैल पडतो. मगनवाडीत मात्र घाणी सुधारण्यासाठी, कागद गुळगुळीत करण्यासाठी माणसे वर्षानुवर्षे झिजली. गावाची वस्तू आहे म्हणून ती ओबडधोबड चालेल, ही सवलत तिथे कुणी मागितली नव्हती.

यापेक्षाही मूलभूत एक फरक आहे. आजचे धोरण उद्योगाचा आकार मोजते, अंतर मोजत नाही. समजा, देवळीच्या शाळेला खुर्च्या हव्यात. हजार किलोमीटरवरच्या एखाद्या लघुउद्योगाने सर्वांत कमी दर भरला तर नियमाचे उद्दिष्ट पुरे झाले. देवळीचा सुतार होता तिथेच. २०१६ पासून सरकारी ई-बाजारपेठ संगणकावर आली आणि जुने केंद्रीय खरेदी संचालनालय २०१७ मध्ये बंद झाले. यामुळे पारदर्शकता वाढली, छोट्या गावातल्या माणसालाही देशभर माल विकता येऊ लागला. मात्र देशभरचा माणूसही त्याच्या दारात येऊन उभा राहिला. कुमारप्पांच्या तराजूत छोटा आणि जवळचा ही दोन वेगळी वजने होती. आपण एकच ठेवले.

ताजे उदाहरण आपल्या मुलांच्या गणवेशाचे. २०२४-२५ मध्ये राज्याने एकसारख्या गणवेशाची योजना आणली. कापड मध्यवर्ती खरेदीने घ्यायचे आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचतगटांच्या भगिनींनी करायची. हेतू उत्तम. पण कापड वरून खाली यायला उशीर झाला, मापांचे घोळ झाले आणि कित्येक मुलांनी जुन्याच कपड्यांत शाळा गाठली. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचा अधिकार पुढच्या वर्षापासून पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. शिवणारे हात गावातले होते, पण निर्णय आणि कापड दुरून येत होते. कुमारप्पा असते तर वाट लांबली तिथेच त्यांनी लाल पेन्सिलीने खूण केली असती.

राष्ट्रध्वजाचेही तसेच. हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या कापडाचाच ध्वज असावा, या एका अटीवर किती हातांना काम मिळत होते! आपल्या नांदेडच्या खादी समितीत ध्वज तयार होतात. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि यंत्राच्या, पॉलिएस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. ध्वज घरोघरी पोचला, हे खरे. कातणारणीचे हक्काचे गिऱ्हाईक विभागले गेले, हेही खरे. एका ओळीच्या नियमात किती चुली असतात, याचा अंदाज नियम लिहिणाऱ्याला असलाच पाहिजे.

म्हणून मला वाटते, शाळा समितीत, ग्रामसभेत, गृहनिर्माण सोसायटीच्या बैठकीत खरेदीचा विषय निघाला की आपण एक साधा प्रश्न विचारावा. सर्वांत कमी दर कुणाचा, हे तर विचारावेच. त्यापुढे, दिलेल्या रुपयातले किती पैसे या तालुक्यात राहतील, हेही विचारावे. तुलनात्मक तक्त्यात तेवढ्या एका रकान्याची भर घालायला कागद जास्त लागत नाही. दर वाजवी नसेल, माल चांगला नसेल तर स्थानिकालाही नाही म्हणावे. पण त्याला विचारलेच नाही, असे होऊ नये. आणि विचारले, काम करून घेतले, तर त्याचे पैसे वेळेवर द्यावेत.

कल्लुपट्टीच्या कुटीत कुमारप्पांनी दोन चित्रे लावली होती, असे सांगतात. एक गांधीजींचे, दुसरे एका फाटक्या गरीब खेडुताचे. येणाऱ्याला ते समजावून सांगत की गांधीजी आपले धनी आणि हा खेडूत त्या धन्याचाही धनी. हिशेबनिसाला आपला मालक कोण हे ठाऊक असावे लागते, त्याखेरीज जमा कुणाची आणि खर्च कुणाचा हे ठरतच नाही. सरकारी खरेदीच्या फाइलवर सही करणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलासमोर ते दुसरे चित्र असायला हरकत नाही.